जबड्याजवळची प्रत्येक सूज दातामुळेच येते असे नाही

बालकाचा गाल किंवा जबडा सुजला की प्रथम दाताकडे लक्ष जाते, आणि ते योग्यच आहे. किडलेल्या दाताच्या मुळाशी पू साचल्यास दात ठणकतो, हिरडी सुजते, चावताना वेदना होतात. दातावर योग्य उपचार झाल्यावर ही सूज साधारणतः काही दिवसांत उतरते. मात्र थोड्या बालकांमध्ये अशीच दिसणारी सूज वेगळ्या जिवाणूंमुळे येते. अशा संसर्गास पाच-सात दिवसांची औषधे पुरेशी पडत नाहीत.

असे तीन संसर्ग

गंडमाळ : हा लसिका ग्रंथींचा क्षयरोग होय. मानेत किंवा जबड्याखाली गाठ हळूहळू वाढते. ती बहुधा फारशी दुखत नाही. पुढे ती मऊ होऊन फुटू शकते. ताप, वजन घटणे ही लक्षणे असतातच असे नाही.

क्षयसदृश जिवाणूंचा संसर्ग : हे जिवाणू पाण्यात व मातीत आढळतात. पाच वर्षांखालील बालकांत बहुधा एकाच बाजूस गाठ येते व तिच्यावरील त्वचा जांभळट होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१६ साली दंतोपचारानंतर अनेक बालकांना असा संसर्ग झाला. उपचारयंत्रातील दूषित पाणी हे त्याचे कारण होते.

ॲक्टिनोमायकोसिस : हे जिवाणू तोंडात एरवी निरुपद्रवी असतात. दात किडल्यास, काढल्यास किंवा जबड्यास इजा झाल्यास ते खोलवर शिरू शकतात. सूज लाकडासारखी कठीण लागते. छिद्रातून पिवळे कण असलेला पू येतो. हा आजार दुर्मीळ असून एकापासून दुसऱ्यास होत नाही.

तपासणी केव्हा करावी?

• सूज दोन आठवड्यांनंतरही कायम असल्यास
• उपचारानंतर ती पुन्हा आल्यास
• दात निरोगी असूनही गाठ वाढत असल्यास
• त्वचेतून पू वाहत असल्यास

पूर्वी झालेले दंतोपचार, घेतलेली औषधे आणि घरातील कोणास दीर्घकाळ खोकला किंवा क्षयरोग असल्यास ती माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. सुईने गाठीतील नमुना घेऊन निदान करता येते.

काय टाळावे?

गाठ दाबू, शेकू किंवा घरी फोडू नये. क्षयाची गाठ फोडल्यास जखम दीर्घकाळ वाहत राहू शकते. जुन्या चिठ्ठीवर प्रतिजैविके पुन्हा आणू नयेत. त्यामुळे निदान लांबते.

बालकास श्वास घेणे, गिळणे किंवा तोंड उघडणे कठीण झाल्यास, अथवा जिभेखाली सूज आल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क साधावा.

क्षयरोगाचे निदान व उपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य होतात. गाठ लहान झाली तरी डॉक्टरांनी सांगितलेला औषधक्रम पूर्ण करावा. क्षयरोगाविषयी माहितीसाठी निःशुल्क दूरध्वनी : १८००-११-६६६६.