पाणी घातले तरी तहानलेले झाड

आमचे रान सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आहे. खालच्या पट्टीत आजोबांनी आंब्याचे रोप लावले होते. शाळेतून आले की मी त्याला रोज कळशीभर पाणी घालायची. तरी पानांच्या कडा करपल्या. आई म्हणाली, "पाणी कमी पडतंय, अजून घाल." मी घातले. तरी रोप वाळलेच. मला खूप रडू आले.

आजोबा म्हणाले, "पोरी, रानाला मीठ फुटलंय." मातीवर पांढरे पांढरे दिसायचे ते क्षार होते! पूर्वी तिथे चांगला ऊस यायचा. पण उसाला पाणी जास्त झाले आणि निचरा नव्हता. म्हणून जमिनीतले पाणी वर आले. उन्हाने पाणी उडून गेले, क्षार वरच राहिले.

पण पाणी असून झाड तहानलेले कसे? बाईंनी वर्गात काकडी चिरून मीठ लावले. थोड्या वेळाने ताटलीत पाणीच पाणी! मीठ पाणी ओढते. खारवट जमिनीत क्षार पाणी धरून ठेवतात, म्हणून मुळांना ते ओढायला फार जोर लागतो. शिवाय तिथे सोडियमची एवढी गर्दी, की पालाश आणि कॅल्शियमला मुळात शिरायला वाव मिळत नाही. आमच्या वर्गाच्या दारात सुट्टीची घंटा झाल्यावर होते ना, तसेच.

चोपण जमीन तर आणखी वाईट. तिच्यात सोडियम मातीच्या कणांनाच चिकटते. कण सुटे होतात आणि मातीतली बारीक भोके बुजतात. पावसात चिखल, वाळली की दगड! मुळांना हवा मिळत नाही. तिचा सामू बहुतेक ८.५ च्या वर असतो. त्यामुळे जमिनीत लोह असूनही ते नीट विरघळत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या.

माती तपासली. आमची जमीन खारवटही निघाली आणि चोपणही. आता वडील चर काढतायत. नंतर जिप्सम घालायचे. त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर चरातून वाहून जाते. चर नसेल तर ते जाणार कुठे? म्हणून आधी चर. आंबा एवढ्यात नाही. बांधावर करंज आणि बोर लावणार, ती झाडे क्षार बरेच सोसतात.

चराला पहिले पाणी आले तेव्हा मी बोट बुडवून चाखले. खारट लागले. बाई म्हणाल्या, "असं काहीही चाखायचं नसतं!"