खोलीचा नाद आणि आपले कान

हळदीच्या मांडवात दणाणणारे कोळीगीत आज अर्नाळ्यातील एखाद्या घराच्या दहा बाय दहाच्या खोलीतही आकाराला येऊ शकते. संगणक, दोन स्पीकर आणि हौस एवढे भांडवल पुरते. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी रात्ररात्र असे मिक्सिंग करीत असेल, तर आवाज दिवसेंदिवस वाढत चालल्याचे आपल्या ध्यानी आले असेल. दोष दर वेळी तरुण वयाचा नसतो. पुष्कळदा तो खोलीचा असतो.

दहा फूट अंतरावरील दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे 57 हर्ट्झचा खर्ज अडकून घुमतो. कोपऱ्यात तो फुगतो, खोलीच्या मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. चौरस खोलीत लांबी-रुंदी सारखीच असल्याने हा दोष दुणावतो. मधोमध बसलेल्याला ढोलाचा ठोका पोकळ वाटतो, म्हणून तो खर्ज वाढवतो, मग एकंदर आवाजही वाढवतो. तेच गाणे मांडवात छातीवर आदळते. आणि इकडे कानांवरचा भार वाढलेलाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला 80 डेसिबलचा आवाज 40 तासांहून अधिक ऐकू नये. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते: 83 ला 20 तास, 86 ला 10. अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

उपाय मात्र स्वस्त आहेत. पहिला तर फुकटच: खुर्ची मध्यभागातून हलवावी. समोरच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर बसून पाहावे. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून समान अंतरावर, कानांच्या उंचीला असावेत. मग कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. खुर्चीतून जिथे स्पीकर आरशात दिसेल, तिथूनच आवाज उलटून येतो. त्या जागी जाड गोधडी वा कापसाची गादी उभी करावी.

हार्वर्डमध्ये 1895 च्या सुमारास वॉलेस सॅबिन यांनी एका व्याख्यानगृहाचा घुमारा अभ्यासला, तो नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उसन्या आणून! घरच्या गादीला कमी लेखू नये. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची प्रथा मात्र निरुपयोगी. आणि पातळ फोम तीव्र स्वर शोषतो, खर्जाला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय साधा फोम झटकन पेटतो. काचलोकर वापरायची तर ती कापडात पूर्ण गुंडाळावी, उघडे तंतू त्वचेला आणि श्वासाला जाचतात.

यांपैकी कशानेही आवाज बाहेर जाणे थांबत नाही, हेही समजून घ्यावे. रहिवासी भागात रात्री दहा ते सहा या वेळेसाठी 45 डेसिबलची मर्यादा आहे. शेजारच्या आजींच्या झोपेचा हिशेब वेगळा.

अर्नाळ्याच्या हवेत आणखी एक पथ्य हवे. समुद्राच्या दमट वाऱ्याने भिंतीला टेकलेल्या गादीमागे बुरशी धरते आणि घरात दमेकरी असेल तर त्रास होतो. गादी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. हवा खेळते, आणि त्या पोकळीमुळे गादी थोडे खालचे स्वरही शोषू लागते. पावसाळ्यात उघडीप मिळताच ती उन्हात टाकावी. कानांत शिट्टी वाजू लागली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर त्या आठवड्यात मिक्सिंग बंद ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.