वापरलेला ट्रक : मिस्त्रीच्या कानापासून स्कॅनरपर्यंत

२००० सालाच्या आसपास नाशिकच्या आडगाव नाक्यावर किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत जुना ट्रक घ्यायला येणारा माणूस एकटा येत नसे. सोबत त्याचा मिस्त्री असे. इंजिन थंड असताना सेल्फ मारायला लावायचा, धूर पांढरा येतो की निळा ते पाहायचं, ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर तळहात धरायचा आणि इंजिन किती ‘बॅक’ मारतंय याचा अंदाज घ्यायचा. मग गाडीखाली शिरून प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवायचा, हाऊसिंगला ऑइल पाझरतंय का ते पाहायचं, पाट्यांच्या हँगरजवळ चॅसीला वेल्डिंग मारलंय का ते बोटाने चाचपायचं. एवढं झालं की मिस्त्रीचा होकार किंवा नकार येई आणि पुढचा सौदा त्यावर चाले.

ती पद्धत चुकीची नव्हती. त्या काळात बाजारात असलेल्या गाड्याच तशा होत्या. टाटाच्या १६१२, १६१३, २५१५ आणि लेलँडच्या कॉमेट, टॉरस या गाड्यांचं सगळं काम लोखंडाचं आणि डोळ्यांना दिसणारं. टाटाच्या इंजिनांचं मूळ वळण डेमलर-बेंझबरोबरच्या १९५४ ते १९६९ या काळातल्या सहकार्यातून आलेलं, आणि म्हातारे ड्रायव्हर टाटाच्या गाडीला ‘मर्सिडीज’ म्हणत. इनलाइन पंप, मायकोचे नोझल (ते बनत तेही नाशिकलाच), साधा गिअरबॉक्स. कसारा घाटात गाडी बंद पडली तर इगतपुरीचा मिस्त्री दुपारपर्यंत ती चालू करून देई. गाडी भरवशाची म्हणजे कधीच न बिघडणारी, असा अर्थ कुणीच घेत नव्हतं. जिथे बिघडेल तिथेच दुरुस्त होणारी ती भरवशाची. माझ्या मते छोट्या मालकासाठी हीच व्याख्या आजही खरी आहे. फक्त गेल्या पंचवीस वर्षांत ती कोणत्या गाडीला लागू पडते, ते बदलत गेलं.

चालवण्याच्या खर्चाकडे मात्र तेव्हा फारसं लक्ष जात नसे. कारण सरळ होतं. डिझेलचा दर सरकार ठरवायचं आणि जास्तीचा माल भरून ॲव्हरेजची तूट भरून निघायची. नऊ टनांच्या गाडीत पंधरा टन भरले की लिटरला अर्धा किलोमीटर कमी मिळाला तरी मालकाला टोचत नसे. पाटे तुटत, टायर फुटत, क्राऊन-पिनियन जाई, पण खेपेच्या पैशात ते खपून जाई. काही राज्यं तर पैसे घेऊन ओव्हरलोडला परवानगीच देत. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. रस्त्यावरचा ओव्हरलोड त्या दिवशी संपला नाही, तरी हिशेबाचा पाया हलला. दोन ॲक्सलच्या गाडीपेक्षा दहा चाकी, बारा चाकी गाडीला मागणी वाढली आणि जुन्या १६१३ चा भाव उतरणीला लागला.

२०१० मध्ये नॅशनल परमिट सोपं झालं. राज्याराज्याचे वेगळे पैसे भरण्याऐवजी वर्षाला १५,००० रुपयांत देशभर फिरता येऊ लागलं. पण या परमिटला गाडीच्या वयाची मर्यादा आहे : साध्या गाडीला १२ वर्षं, मल्टिॲक्सलला १५. जुना ट्रक घेताना ही अट सर्वांत आधी पाहायला हवी आणि सर्वांत जास्त विसरली जाते तीही हीच. दहा वर्षांची दोन ॲक्सलची गाडी स्वस्त मिळाली म्हणून चार वर्षांच्या हप्त्यावर उचलायची, आणि दोन वर्षांनी ती राज्याबाहेर जाऊ शकत नाही. हप्ते उरतात, लांबचं भाडं उरत नाही. असे मालक मी पाहिले आहेत. त्यांना फसवलं गाडीने नाही, आरसी बुकातल्या तारखेने.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर खुला झाला आणि जून २०१७ पासून तो रोज बदलू लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. या सात वर्षांत जुन्या ट्रकचा सगळा हिशेब उलटा झाला. २०२५ मध्ये मुंबईत लिटरचा दर नव्वद रुपयांच्या आसपास होता, तोच धरून पाहू. दहा चाकी गाडी महिन्याला ८,००० किलोमीटर चालते. एक गाडी लिटरला ४ किलोमीटर देते, दुसरी साडेतीन. पहिलीला २,००० लिटर लागतात, दुसरीला सुमारे २,२८५. फरक महिन्याला साडेपंचवीस हजार रुपयांचा, वर्षाला तीन लाखांच्या वर. दुसरी गाडी दोन लाखांनी स्वस्त मिळाली असेल, तर तो फायदा आठ महिन्यांत टाकीतून निघून जातो. तरीही सौदा करताना घासाघीस किमतीवरच होते. ॲव्हरेज विचारलं जातं, पण तपासलं जात नाही. विकणाऱ्याने ‘चार देते’ म्हटलं की ते खरं धरतात. टाकी फुल्ल करून, भरलेल्या गाडीने एक घाट चढून-उतरून परत टाकी फुल्ल करायला एक दिवस जातो. तो दिवस घालवायला हवा.

२०१७ हे वर्ष या धंद्यातल्या कुणालाच विसरता येणार नाही. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद केली आणि उरलेल्या दोन दिवसांत कंपन्यांनी मोठ्या सवलती देऊन गाड्या संपवल्या. पुढे जुलैमध्ये जीएसटी आला, तपासणी नाके उठले, मुंबईची जकात गेली. तीच गाडी महिन्यात जास्त खेपा करू लागली. जास्त किलोमीटर म्हणजे गाडीची जास्त झीज. म्हणून त्यानंतरच्या गाडीचं नुसतं वय पाहून चालत नाही. पाच वर्षांची गाडी आठ लाख किलोमीटर चाललेली असू शकते, आणि मीटर बदललेलाही असू शकतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद काढली तर खरा आकडा कळतो, कारण तिथे दर वेळी किलोमीटर लिहिलेले असतात.

याच टप्प्यावर यंत्राची जात बदलली. बीएस-४ मध्ये बऱ्याच गाड्यांत कॉमन रेल आलं, काहींना धूर साफ करण्यासाठी युरियाची टाकी लागली. अशोक लेलँडने मात्र आपल्या बऱ्याच गाड्यांत इनलाइन पंप ठेवून ईजीआरवर (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवण्याच्या पद्धतीवर) काम भागवलं. युरिया नको, महागडा इंजेक्टर नको. रस्त्यावरच्या मिस्त्रीला त्या गाड्या लगेच समजल्या. २०१७ ते २०२० मधल्या अशा गाड्या जुन्या बाजारात अजून टिकून आहेत, त्याचं कारण तेच.

२०१८ मध्ये दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. जुलैमध्ये केंद्राने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन, तीन ॲक्सलचं २५ वरून २८.५ टन झालं. माल तेवढाच आणि क्षमता एकदम वाढलेली, त्यामुळे भाडी ढिली पडली. आणि त्याच वर्षी मॅन या जर्मन कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सबरोबरच्या भागीदारीतून सुरू झालेला तिचा पीथमपूरचा कारखाना होता आणि टिपरवाल्यांत तिच्या गाड्यांचं नाव होतं. गाडी दणकट असून भागत नाही. ती बनवणारी कंपनी आणखी दहा वर्षं इथे राहील का, हाही भरवशाचाच भाग आहे. नाहीतर एका सेन्सरसाठी गाडी पंधरा दिवस उभी राहते.

उभ्या गाडीची किंमत किती, हे मालक क्वचितच कागदावर मांडतात. हप्ता ३५,००० आणि ड्रायव्हरचा पगार २०,००० धरा. थर्ड पार्टी इन्शुरन्स तर गाडी जुनी असो वा नवी, वजनावरच ठरतो. २०२२ च्या दरपत्रकात २० ते ४० टनांच्या मालवाहू गाडीला तो ४३,९५० रुपये होता. हे सगळं दिवसांवर वाटलं तर गाडी नुसती उभी राहण्याचे रोजचे साडेएकोणीसशे रुपये होतात, बुडालेलं भाडं वेगळंच. म्हणून जुनी गाडी निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारायला सांगतो : तुझ्या नेहमीच्या रस्त्यावर हिचा मिस्त्री आणि हिचा स्पेअर कुठे कुठे मिळतो?

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. नव्या गाड्या महागल्या, कोविडने धंदा थांबवला आणि लोक पुन्हा जुन्या बाजाराकडे वळले. सुरुवातीला बीएस-६ च्या नावाने मालक घाबरत. आता त्या गाड्याच पाच-सहा वर्षांच्या होऊन जुन्या बाजारात उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढे मिस्त्रीचा कान अपुरा पडतो. नीट ठेवलेली बीएस-६ गाडी ॲव्हरेज चांगलं देते. डिझेलच्या सुमारे पाच टक्के युरिया पिते, तो खर्च धरूनही ती परवडते. पण नीट ठेवलेली नसेल तर तिच्याइतकी महाग गाडी नाही. युरियाच्या टाकीचं झाकण उघडून पाहा. तोंडाशी, नळीच्या जोडावर पांढरे खडे साचलेले असतील तर ती गाडी बराच काळ दुर्लक्षित आहे. आतून डिझेलचा वास आला तर तिथूनच मागे फिरा. कुणीतरी चुकीच्या टाकीत डिझेल ओतलेलं असेल आणि पंपापासून युरिया फवारणाऱ्या डोसरपर्यंत सगळं बदलावं लागेल. काही गाड्यांत युरियाची यंत्रणा बायपास करून डॅशवरचा दिवा गप्प केलेला असतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावल्याशिवाय ते कळत नाही. स्कॅनरचे हजार-दोन हजार वाचवायला जाऊन डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि पाच आकडी किमतीचे इंजेक्टर गळ्यात पडलेली माणसं कमी नाहीत.

दुसऱ्या बाजूने फार जुन्या गाडीचे कागदही महाग झाले. आठ वर्षांनंतर पासिंग दर वर्षी, पर्यावरण कर वेगळा, आणि एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेस नूतनीकरणाचं शुल्क १२,५०० रुपये झालं. जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्यापेक्षा बरंच जास्त असतं. बोजा उतरल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय, थकलेले ई-चलान ऑनलाइन तपासल्याशिवाय विसार देऊ नये. हप्ते थकल्याने फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांत तर हे आधीच पाहावं.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नव्याची किंमत उतरली की जुन्याची आपोआप उतरते. जुन्याच भावाला चिकटलेल्या विकणाऱ्याकडून गाडी घेण्याची घाई आता कुणी करू नये.

आणि निफाड-पिंपळगावहून कांदा, द्राक्षं घेऊन दिल्लीच्या आझादपूर बाजारात जाणाऱ्यांनी दोन तारखा पाठ करून ठेवाव्यात. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याखालच्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश नाही. बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच मुभा आहे. ज्याचं भाडं वाशी, हैदराबाद, सुरत असं फिरतं, त्याच्यासाठी इनलाइन पंपाची २०१८-१९ ची गाडी आजही चांगला सौदा आहे, परमिटचं वय पुरेसं उरलं असेल तर. दिल्लीची लाइन धरणाऱ्याने मात्र दोन-तीन लाख जास्त घालून, स्कॅनर लावून तपासलेली बीएस-६ च घ्यावी.