सिंधुदुर्गाभोवतीचे जिवंत खडक

मालवणच्या जेटीवरून होडी सुटली की सगळ्यांचे डोळे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाकडे लागतात. साहजिकच आहे. कुरटे बेटावरचा हा जलदुर्ग शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 या काळात उभारला आणि 2025मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. होडीवाल्याची नजर मात्र पाण्यावर असते. बेटाभोवती खडकच खडक. काही ओहोटीला डोकं वर काढतात, काही कधीच दिसत नाहीत. वाट ठाऊक नसलेल्या परक्या गलबताला हे खडक म्हणजे काळच.

त्याच खडकांवर आज प्रवाळ जगतात. इथला 29.12 चौरस किलोमीटरचा पट्टा 1987मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग, जवळचा छोटा पद्मगड किल्ला आणि आसपासचे बुडालेले खडक हा त्याचा गाभा. किल्ला पाहून परतणाऱ्या कित्येकांना आपण अभयारण्यातून जाऊन आलो हे कळतही नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण ती असंख्य इवल्या जिवांची वसाहत असते. त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं, रंगही त्याचाच. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि वसाहत पांढरीफटक पडते. शिवाय दर पावसाळ्यात गढूळ पाणी सोसायचं. त्यामुळे लक्षद्वीपसारखे लांबलचक प्रवाळपट्टे इथे नाहीत; खडक धरून तुरळक वसाहती आहेत, म्हणून प्रत्येक मोलाची. पोरायटीस जातीचा गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. नांगराचा एक फटका कितीतरी वर्षांची वाढ मोडतो.

अभयारण्याला इथल्या मच्छीमारांनी विरोध केला, तो समजून घ्यायला हवा. पिढ्यानपिढ्या किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याला स्वतःच्याच समुद्रात मज्जाव होण्याची धास्ती होती. पण कुठल्या खडकाशी कोणता मासा, कुठल्या वाऱ्याला पाणी कसं फिरतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. या पाण्याचे राखणदार म्हणून त्यांनाच नेमायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. पाणी निवळलेलं हवं तर डिसेंबर-जानेवारीत जा. पाण्यात उतरलात तर प्रवाळावर पाय टेकू नका, माशांना पाव टाकू नका, आणि प्रवाळ असलेल्या जागी नांगर पडत असेल तर होडीवाल्याला तिथल्या तिथे थांबवा.