शिलिंगबाईंची चकती

कार्बुरेटरच्या गप्पा आपल्याकडे आरएक्स १०० पाशी सुरू होतात आणि बहुधा तिथेच संपतात. अमक्याने मेन जेट वाढवला, तमक्याने निडलची क्लिप एक खाच खाली घेतली, तिसऱ्याने एअर फिल्टरच काढून फेकला आणि पिस्टन भाजून घेतला. या विद्येचं घराणं शोधण्याचा नाद मला जुनाच. त्यासाठी इंग्लंडातल्या ब्रुकलँड्स ट्रॅकपर्यंत मागे गेलो, तर तिथे बिआट्रिस ऊर्फ टिली शिलिंग भेटल्या आणि घराण्याचा शोध तिथेच अडकला.

ब्रुकलँड्स १९०७ सालचा. काँक्रीटचा, वळणांना उंच उतार दिलेला, फेरी साधारण साडेचार किलोमीटरची. शर्यतीत ताशी १०० मैलांची फेरी मारली की मोटारसायकलवाल्याला ‘गोल्ड स्टार’ बिल्ला मिळे. बीएसएच्या गाडीला ते नाव त्यावरूनच पडलं. शिलिंगबाईंनी ऑगस्ट १९३४ मध्ये ४९० सीसीच्या नॉर्टनवर १०६ मैलांची फेरी मारून तो मिळवला. मँचेस्टरच्या इंजिनिअरिंग पदवीधर. गाडीचं इंजिन स्वतःच उघडायच्या. होणारा नवरा जॉर्ज नेलर याला हा बिल्ला मिळेपर्यंत त्यांनी लग्नाला होकार दिला नाही, अशी दंतकथा आहे. खरी असो-नसो, मला आवडते.

अशा ट्रॅकवर थ्रॉटल बराच वेळ पूर्ण उघडा. तिथे पायलट जेट आणि निडलची कारागिरी गौण. हिशेब मेन जेटचा. पूर्ण वेगात असताना एकदम इग्निशन बंद करायचं, क्लच दाबायचा, थांबून प्लग काढायचा आणि रंग वाचायचा. पांढरा म्हणजे लीन, काळाकुट्ट म्हणजे रिच. मुरलेले रेसर अल्कोहोल जाळत. मिथेनॉल हे अल्कोहोल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं, म्हणून जेटची भोकं मोठी करावी लागत. बदल्यात ते वाफ होताना इंजिनात येणारी हवा गार करतं. गार हवा दाट असते, त्यामुळे ताकद वाढते. हा मुद्दा लक्षात ठेवा.

१९३६ मध्ये बाई फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेत लागल्या. चार वर्षांनी, १९४० च्या हवाई लढाईत, ब्रिटिश स्पिटफायर विमानाच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाने एक खोड दाखवली. वैमानिकाने नाक एकदम खाली घातलं की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल वर उडे. इंजिन आधी उपाशी राही. मग फ्लोट उलटा वागून पेट्रोलची वाट सताड उघडी सोडे आणि इंजिन बुडे. मागे काळा धूर. समोरच्या जर्मन मेसरश्मिटमध्ये फ्युएल इंजेक्शन होतं, तो बिनदिक्कत सूर मारून निसटे. त्याचा पाठलाग करायचा तर ब्रिटिश वैमानिकाला आधी अर्धी कोलांटी घ्यावी लागे.

मग इंग्रजांनी इंजेक्शन का नाही घेतलं? हा वाद अजून चालतो, आणि मला रोल्स-रॉइसची बाजू पटते. त्यांच्या इंजिनात पेट्रोल सुपरचार्जरच्या आधी मिसळे आणि वाफ होताना मिश्रण सुमारे २५ अंशांनी गार करी. ब्रुकलँड्सच्या अल्कोहोलचाच हा धडा.

शिलिंगबाईंनी कार्बुरेटर बदलायचा हट्ट धरला नाही. पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ढकलतो, एवढं त्यांनी हेरलं. पूर्ण ताकदीला इंजिन जितकं पिईल तितकंच सोडणारी, मधोमध भोक असलेली पितळी चकती त्यांनी पेट्रोलच्या वाटेत बसवली. फ्लोट कसाही वागो, पूर येणार नाही. माझ्या मते हे शुद्ध रेसिंग ट्यूनरचं डोकं आहे: चकती म्हणजे मेन जेटचाच वरचा भाऊ. क्षणभराची उपासमार तिने थांबवली नाही, पण जीव घेणारं बुडणं थांबवलं. शिवाय विमान कारखान्यात पाठवावं लागत नव्हतं. मार्च १९४१ पर्यंत बाई लहानशी टोळी घेऊन विमानतळांवर चकत्या बसवत फिरत होत्या.

वैमानिकांनी चकतीला ‘मिस शिलिंगचं भोक’ म्हणायला सुरुवात केली. विनोद मेसमधलाच. बाईंचं लग्न १९३८ मध्ये त्याच जॉर्ज नेलरशी झालं होतं, हे कुणी विचारात घेतलं नाही.

१९४३ मध्ये दाबावर चालणारे बेंडिक्स कार्बुरेटर आले आणि चकतीचं काम संपलं. ब्रुकलँड्सवर १९३९ नंतर शर्यती झाल्या नाहीत. बाईंनी मग मोटारींच्या शर्यती धरल्या, आणि नोकरी मात्र १९६९ मध्ये निवृत्त होईपर्यंत फार्नबरोतच केली.