जुन्या मोटारीतील एबीएस नियंत्रकाची दुरुस्ती : मांडवगण फराटा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा हे भीमा नदीच्या काठचे, ऊसशेतीवर उभे असलेले गाव आहे. नदीपलीकडे दौंड तालुका लागतो. अशा गावांत शहरात काही वर्षे वापरलेली मोटार विकत घेणे हा सर्वसामान्य कुटुंबाचा सोयीचा मार्ग असतो. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते व योग्यता तपासणीनंतर तिचे ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. त्यामुळे एबीएस बसविलेल्या पहिल्या पिढ्यांतील मोटारी आजही रस्त्यावर आहेत. मात्र त्यांतील विद्युत नियंत्रक आता वयोमानाने निकामी होऊ लागले आहेत. फलकावरील पिवळा दिवा लागला की तो दिवाच काढून टाकण्याचा किंवा फ्यूज उपसण्याचा मार्ग काही वेळा पत्करला जातो. हा उपाय धोकादायक का आहे आणि योग्य दुरुस्तीची पद्धत कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रणालीचे स्वरूप

अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम म्हणजे एबीएस. जोराने ब्रेक दाबला असता चाक जागीच जखडते, मोटार घसरते आणि सुकाणू निरुपयोगी ठरते. हे टाळणे हा या प्रणालीचा हेतू होय. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेली बॉश कंपनीची एबीएस १९७८ साली मर्सिडीज-बेंझच्या मोटारीत प्रथम उपलब्ध झाली. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना ती सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक मोटारींत ती केवळ महागड्या प्रकारांतच मिळत असे.

या प्रणालीचे तीन भाग आहेत. पहिला भाग प्रत्येक चाकाजवळील वेगमापक संवेदक. दुसरा भाग ब्रेक तेलाचा दाब कमी-अधिक करणाऱ्या झडपा व पंप असलेला ठोकळा. तिसरा भाग या दोहोंमध्ये निर्णय घेणारा विद्युत नियंत्रक. एखादे चाक इतरांपेक्षा अचानक मंदावल्याचे संवेदकाने कळविताच नियंत्रक त्या चाकाकडील आत येणाऱ्या तेलाची झडप बंद करतो आणि बाहेर जाणारी उघडतो. दाब उतरतो, चाक पुन्हा फिरू लागते व दाब पूर्ववत केला जातो. ही क्रिया सेकंदाला अनेकदा घडते. पायाखाली जाणवणारी थरथर तीच होय.

बिघाडाचे परिणाम

नियंत्रक बंद पडला तरी साधा ब्रेक चालतो. यामुळेच चालक निर्धास्त राहतो. परंतु अनेक मोटारींत पुढील व मागील चाकांमधील दाबाची वाटणीही हाच नियंत्रक करतो. पिवळ्या दिव्यासोबत लाल दिवाही लागला, तर ही वाटणी बंद पडल्याची शक्यता असते. तेलाची पातळी कमी असणे किंवा हातब्रेक ओढलेला असणे हीदेखील लाल दिव्याची कारणे असू शकतात. वाटणी बंद पडल्यास मागील चाके आधी जखडून मोटार आडवी फिरू शकते. गळिताच्या हंगामात रस्त्यावर सांडलेले पाचट व चिखल, तसेच अंधारात मागील दिव्याविना जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या लक्षात घेतल्यास याचे गांभीर्य पटते.

निदान

दुरुस्तीतील सर्वांत मोठी चूक म्हणजे तपासणीविना नियंत्रकाला दोष देणे. पुढील क्रम योग्य ठरतो :

१) बॅटरीचा दाब, फ्यूज आणि अर्थिंगची जोडणी तपासावी. गंजलेली अर्थ वायर नियंत्रक बिघडल्यासारखीच लक्षणे दाखविते.

२) स्कॅनरने दोषसंकेत वाचावेत. ब्रेक व चॅसीशी संबंधित संकेत 'सी' या अक्षराने सुरू होतात. संकेत बिघडलेल्या परिपथाकडे बोट दाखवितो. नेमका भाग शोधणे बाकीच असते.

३) जुन्या पद्धतीच्या संवेदकात चुंबक व तारेचे वेटोळे असते. दातेरी कडे फिरले की फॅरेडेच्या नियमानुसार त्यात विद्युतदाब निर्माण होतो. त्याचा रोध बहुधा एक ते दोन हजार ओहमच्या आसपास भरतो. चाक हाताने फिरविल्यास मल्टिमीटरवर अल्प प्रत्यावर्ती दाब दिसला पाहिजे. नव्या पद्धतीच्या संवेदकाचा रोध मोजू नये. त्याला मिळणारा वीजपुरवठा व त्यातील प्रवाहाचा बदल तपासावा.

४) दातेरी कड्यात अडकलेला चिखल, तुटलेला दाता व सैल बेअरिंग यांची पाहणी करावी.

हे सारे निर्दोष असून पंपाच्या किंवा झडपांच्या परिपथाचा संकेत कायम राहिला, तरच नियंत्रकाकडे वळावे. नियंत्रक वेगळा केल्यावर पंपाच्या मोटरला क्षणभर थेट १२ व्होल्ट दिले असता ती फिरली, तर दोष नियंत्रकातच असण्याची शक्यता वाढते.

दुरुस्ती

अनेक मोटारींत बॅटरीची जोडणी काढून नियंत्रक तेलाच्या ठोकळ्यापासून केवळ स्क्रू काढून वेगळा करता येतो. तेलाचा मार्ग उघडत नसल्याने हवा काढण्याची गरज भासत नाही. ज्या रचनेत संपूर्ण ठोकळाच उतरवावा लागतो, तेथे स्कॅनरच्या साहाय्याने हवा काढणे अनिवार्य असते.

इंजिनाजवळची उष्णता, नंतरचे थंड होणे व सततची थरथर यांमुळे आतील जोड हळूहळू तडकतात. छापील पट्टीवरील डाखाचा जोड तडकला असेल, तर कुशल कारागीर तो पुन्हा वितळवून पक्का करू शकतो. परंतु काही नियंत्रकांत सिरॅमिक पट्टीवर केसासारख्या अॅल्युमिनियमच्या तारा असतात. त्यांना साधा डाख धरत नाही. ते काम विशेष यंत्रे असलेल्या दुरुस्ती केंद्रातच होते. झाकण पुन्हा पाणीरोधक पद्धतीने बंद न केल्यास एका पावसाळ्यात सर्व श्रम वाया जातात. भंगारातील नियंत्रक बसवायचा असल्यास भाग क्रमांक तंतोतंत जुळावा लागतो. काही मोटारींत नवे संकेतांकनही करावे लागते.

शेवटी दोषसंकेत पुसून, मोकळ्या व निर्जन मैदानावर कमी वेगात ब्रेकची चाचणी घ्यावी. इंजिन सुरू करताना दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर कोणीतरी तो काढून टाकल्याचा संशय घ्यावा. जुनी मोटार खरेदी करणाऱ्यानेही ही खूण ध्यानात ठेवावी.

निष्कर्ष

एबीएस नियंत्रकाची दुरुस्ती शक्य आहे. मात्र ती निदानाच्या शिस्तीवर अवलंबून असते. पहिल्या चारही तपासण्या मल्टिमीटर व साधा स्कॅनर असलेल्या गावातील गॅरेजमध्ये होऊ शकतात; नियंत्रकाच्या आतील काम मात्र तज्ज्ञाकडे सोपविणे इष्ट. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी परिसरातील कारागिरांसाठी अल्प मुदतीचे वर्ग घेतल्यास विद्यार्थ्यांना विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम चाकापाशी फिरताना पाहता येईल, आणि कारागिराला दिवा काढून टाकण्याऐवजी तो का लागला, हे शोधता येईल.