मोजक्याच गोळ्या, निवड नेमकी

तोंडवलीत स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्वर ठेवायचे, तर सिंधुदुर्गच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना लागतो. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवायची, वर्षभरात किती घ्यायची, हे त्यावरच लिहिलेले असते. ९ मिमी पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध, म्हणून बहुतेकांकडे .३२ बोअरचे शस्त्र असते. इथेच घात होतो. .३२ रिव्हॉल्वर आणि .३२ पिस्तूल यांची काडतुसे वेगळी असतात; पिस्तुलाचे काडतूस म्हणजेच ७.६५ मिमी. टंचाईत ‘चालेल’ म्हणून भलतेच घेऊ नये, घरी पुन्हा भरलेले तर नाहीच. शस्त्रावर कोरलेला बोअर पाहूनच खरेदी करावी. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत काडतुसाचे पितळ हिरवे पडते. तसे काडतूस वापरू नये. साठा कोरड्या, कुलूपबंद डब्यात, शस्त्रापासून वेगळा ठेवावा.